प्रश्नपत्रिकांचं कुलूप

दोन हजार तीनच्या दिवाळीत आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि हॉलमध्ये, सासऱ्यांच्या झोपाळ्यासमोर त्याची स्थापना झाली. आतल्या खोलीत ठेवूया का, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "आत कशाला? आपल्यात लपवायचंय काय?" असं नवऱ्याने विचारलं. या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर द्यायची पद्धत नाही. रत्नागिरीत सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचं जांभ्या दगडाचं घर. सकाळी उघडलेली दारं झोपेपर्यंत उघडी. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाच्या माहेरून काय आलं आणि त्यातलं किती उरलं, हे सगळ्यांना ठाऊक. मी हायस्कुलात मराठी शिकवत होते. दिवसभर वर्गातली पोरं माझ्याकडे बघायची आणि घरी आल्यावर घरातली माणसं. वर्गातली पोरं निदान तास संपला की नजर काढून घेत.

मला मात्र लपवायचं होतं. मी माणसांवर लिहीत होते, आणि बाहेरच्या माणसांवर लिहायचं तर बाहेर जायला लागतं, म्हणून घरातल्याच. सासरे कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. साधं 'छत्री दुरुस्तीला टाकायची का' विचारलं तरी पुढची तारीख देत. सासूबाई कुणाला काही देताना 'नको असेल तर राहू दे हो' असं आधीच म्हणत, आणि देणं तिथेच थांबे. नवरा सगळ्याला 'बघू' म्हणे. नणंद पुण्याला दिलेली. तिचा नवरा सॉफ्टवेअरमध्ये. तो मे महिन्यात आंबे खायला येई आणि कोकणातल्या माणसाने प्रगती का केली नाही हे बाठा चोखता चोखता सांगे. हे सगळं मी दुपारी शाळेतून आल्यावर टाइप करत बसे. सासरे झोपाळ्यावर पेंगत असत आणि त्यांच्यावरचा मजकूर त्यांच्यापासून पाच हातांवर तयार होत असे.

पहिला बंदोबस्त मी स्वतःच केला. तेव्हाचे मराठी फॉन्ट असे होते, की मजकूर लिहून झाला आणि सगळा निवडून त्याला इंग्रजी फॉन्ट लावला, की पानभर नुसते टिंब, कंस आणि डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं. पुन्हा मराठी फॉन्ट लावला की सासरे जसेच्या तसे झोपाळ्यावर हजर. मला हा शोध फार मोठा वाटला. फाइलींची नावंही साधी ठेवली: ambe, tup, zopala.

एक दिवस शाळेतून आले तर सासरे कॉम्प्युटरसमोर खुर्चीत ताठ बसलेले आणि पडद्यावर zopala. पत्त्यांचा डाव शोधता शोधता ती उघडली गेली होती.

"सूनबाई, याला काहीतरी झालंय," ते गंभीरपणे म्हणाले. "मी वाचायचा प्रयत्न केला. व्हायरस आहे."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळं पुसून नव्याने भरून देणारा माणूस बोलावलाही होता. घरात एरवी 'बघू' म्हणणारा माणूस नेमका इथे तत्पर. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडाला आलं ते मी बोलले.

"अहो, व्हायरस नाही तो. प्रश्नपत्रिका आहेत. वार्षिकच्या, पुढच्या सहामाहीच्या. कुणी वाचू नये म्हणून मुद्दाम तशा ठेवल्यात."

आमच्या शाळेत प्रश्नपत्रिका तेव्हा हाताने लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात जात. पण ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि 'प्रश्नपत्रिका' या शब्दाने सासऱ्यांच्या अंगात कोर्ट संचारलं.

"म्हणजे गोपनीय कागद? आणि असे उघड्यावर?" ते उठून उभे राहिले. "फुटली म्हणजे? नोकरी जाईल तुझी. याला कुलूप पाहिजे."

म्हणजे मला जे गुपचूप करायचं होतं ते आता सगळं घर मिळून करणार होतं.

पहिलं कुलूप नवऱ्याने आणलं, म्हणजे त्याच्या मते ते आधीपासूनच होतं. फाइल सेव्ह करतानाच तिला पासवर्ड देता येतो हे त्याने मला, सासऱ्यांना आणि हात पुसत आलेल्या सासूबाईंना दाखवलं. पासवर्ड ठेवला ratnagiri, आणि तो टाइप करताना मोठ्याने म्हटला. मग कुलूप कितपत पक्कं आहे ते पाहायला एक फाइल फ्लॉपीवर घालून तो गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे निघाला. मी घाईघाईने गेल्या वर्षीचा एक निबंधांचा कागद टाइप करून तोच दिला. नवरा तासाभरात परत आला तो पडेल चेहऱ्याने.

"उघडलं त्यांनी. कुठलातरी प्रोग्रॅम आहे त्यांच्याकडे, सीडीवर. चहा यायच्या आत उघडलं."

"पासवर्ड सांगितलास का तू?" सासऱ्यांनी उलटतपासणी घेतली.

"नाही हो. त्यांनीच मला सांगितला."

वर त्या सरांनी माझ्या निबंधाच्या विषयांत एक शुद्धलेखनाची चूकही काढून पाठवली होती.

दुसरं कुलूप एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं. ते अख्खं फोल्डर नाहीसं करी. पासवर्ड दिला की फोल्डर दिसे, नाहीतर तिथे काहीच नाही. मला ते पटलं होतं. पण या प्रोग्रॅमला स्वतःची जाहिरात करायची हौस फार. पडद्याच्या मधोमध त्याने एक भलंमोठं पिवळंधमक कुलूप लावून ठेवलं. फोल्डर अदृश्य, आणि त्यावरचं कुलूप दारातून आत येणाऱ्याला दिसेल एवढं. सासूबाईंनी ते येईल त्याला दाखवायला सुरुवात केली. "आमच्या सुनेचं आहे हो ते. आत काय आहे ते आम्हालासुद्धा माहीत नाही," असं त्या अभिमानाने सांगत, आणि ऐकणारी बाई माझ्याकडे नवीनच नजरेने बघे. शेजारच्या एक जणी तर मला आडोशाला घेऊन म्हणाल्या, "काही असलं तर सांग गो मला. मी कुणाला बोलणार नाही."

कुलूप नव्हतं तोवर माझ्याकडे काही गुपित आहे असा कुणाला संशयही नव्हता. आता सगळ्या आळीला खात्री होती.

त्या प्रोग्रॅमचं बिंग विजेच्या खात्याने फोडलं. भारनियमनाचे दिवस होते. चालू कॉम्प्युटर धाडकन बंद पडला, आणि वीज आल्यावर तो आजारातून उठल्यासारखा काळ्या पडद्यावर मोठी मोठी अक्षरं घेऊन उभा राहिला. त्या अवस्थेत त्याला पिवळ्या कुलुपाची आठवणच नव्हती. फोल्डर उघडं पडलं होतं.

"अगं, हे बघ, सापडलं तुझं फोल्डर!" नवरा आनंदाने ओरडला. जणू ते हरवलं होतं.

मी धावत जाऊन बटण बंद केलं. म्हणजे हे कुलूप नव्हतंच. दारावर नुसता पडदा होता, आणि पडद्यावर कुलपाचं चित्र. इतकं झाल्यावर सासऱ्यांनी निकाल दिला: "आता मे महिन्यात जावईबापूच येतील. तज्ज्ञाला विचारल्याशिवाय आपण काही करायचं नाही."

जावईबापू, म्हणजे माझे भावोजी, आले. गाडीतून उतरायच्या आधीच सासऱ्यांनी त्यांना प्रकरण सांगितलं होतं. हातपाय न धुता ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि आमच्या कुलुपांचा इतिहास ऐकून मंद हसले. ते हसू मी त्यांच्यावरच्या फाइलीत आधीच लिहून ठेवलेलं होतं.

"तुम्ही लोकांनी आतापर्यंत जे केलंत ना, त्याला सिक्युरिटी म्हणत नाहीत," ते म्हणाले. "लपवणं वेगळं आणि एन्क्रिप्ट करणं वेगळं. लपवलेलं सापडतं. एन्क्रिप्ट केलेलं सापडलं तरी वाचता येत नाही. समजा, मी या आंब्याचा रस काढला..."

पुढची सगळी सकाळ आंब्याची झाली. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते बरोबर असत, हाच तर त्यांचा जाच होता.

अशा सकाळी आठवडाभर झाल्यावर त्यांनी पुण्याहून आणलेल्या सीडीवरून एक फुकटचा प्रोग्रॅम चढवला. तो कॉम्प्युटरमध्ये एक फाइल तयार करी, आणि पासवर्ड दिला की ती फाइल नवा कप्पा होऊन उघडे. त्यात टाकाल ते सगळं बंद. फाइलीचा आकार आधीच ठरवायचा, मग आत एक पान असो की हजार, बाहेरून ती तेवढीच दिसणार. किल्ली तयार करताना माऊस कसाही वेडावाकडा फिरवायचा असतो; तो मान त्यांनी सासऱ्यांना दिला.

"कसाही म्हणजे कसा?" सासऱ्यांनी विचारलं.

"कसाही हो, बाबा. मनाला येईल तसा."

सासरे मनाला येईल तसं कधीच वागले नव्हते. त्यांनी माऊस डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत नेला, खाली एक ओळ सोडली आणि पुन्हा डावीकडून सुरुवात केली. भावोजींनी शेवटी त्यांचा हात धरून गोल फिरवला.

हे चाललेलं असताना हॉलमध्ये सासरे, सासूबाई, नवरा, भावोजी आणि वन्सं, म्हणजे नणंद, एवढी माणसं होती. माझ्या खाजगीपणाची प्रतिष्ठापना सगळ्यांच्या साक्षीने झाली.

मग भावोजींनी कप्प्यात टाकायला एक फाइल निवडली. नेमकी ambe. उघडून त्यांनी ती टोप्या घातलेली अक्षरं पाहिली. "ही करप्ट वाटतेय," ते म्हणाले. "नाही हो, प्रश्नपत्रिकाच आहे, फॉन्ट बदललाय," असं माझ्याआधी सासूबाईंनीच सांगितलं. मग बाकीच्या फाइलींबरोबर भावोजींनी ती स्वतःच्या हातांनी, अगदी हळुवार, आत ठेवली. आंबे खाताना ते कसे दिसतात याचं दीड पान होतं त्यात.

"आता पासफ्रेज. एक शब्द चालणार नाही, पूर्ण वाक्य पाहिजे, इंग्रजी अक्षरांत. आणि असं वाक्य, वहिनी, की जे तुमच्या मनात येऊ शकतं पण तुम्ही कुणासमोर तोंडाने बोलणार नाही. मग ते कुणी ओळखूच शकत नाही. आणि कुठे लिहून ठेवायचं नाही. मी बघत नाही हं."

असं म्हणून ते सभ्यपणे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी इतरांनाही पाठ करायला लावली. घरातल्या सगळ्यांच्या पाठी मी पहिल्यांदाच एकत्र पाहिल्या. भावोजींना येऊन आठवडा झाला होता. माझ्या मनात तेव्हा एकच वाक्य होतं. मी टाइप केलं: जावईबापू, आता निघा.

जावईबापू यथावकाश निघाले, आंब्यांच्या पेट्या आणि बांधून दिलेलं तूप घेऊन. जूनच्या सुरुवातीला सड्यावर वीज पडली आणि तिने आमच्या फोनच्या तारेतून येऊन कॉम्प्युटरचं पोट जाळलं. दुरुस्तीवाल्याकडे तो दोन महिने पडून होता. हार्ड डिस्क वाचली. श्रावणात परत आला तेव्हा मी घाईने कप्पा उघडायला बसले, वाक्य टाइप केलं, आणि प्रोग्रॅमने नकार दिला.

वाक्य मला पाठ होतं. पण ते मराठी, आणि अक्षरं इंग्रजी. जावई v ने लिहिला होता की w ने? बापूत एक a की दोन? आता ata की aata? मी मराठीची शिक्षिका, ऱ्हस्व-दीर्घावरून पोरांचे अर्धे मार्क कापणारी, आणि माझ्याच वाक्याचं शुद्धलेखन मला आठवेना. मी दुपारभर निरनिराळे जावई घालून पाहिले. एकही निघेना.

नवऱ्याने मागून पाहिलं. "उघडत नाही?" आणि मी काही बोलायच्या आत हॉलभर: "बाबा, प्रश्नपत्रिका अडकल्या!"

सासऱ्यांनी त्याच क्षणी पुण्याला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"काळजी करू नका, वहिनी," भावोजी उत्साहात म्हणाले. "स्पेलिंगचाच घोळ असेल तर सोपं आहे. तुम्ही मला फक्त वाक्य सांगा, मी सगळी स्पेलिंगं करून बघणारा प्रोग्रॅम लिहितो."

"वाक्य कुणाला सांगायचं नसतं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मग ते खूश होऊन म्हणाले, "शाब्बास! बघत होतो मी, सांगता का ते. पण आता खरंच सांगा."

मी "मोरी तुंबलीय" म्हणून फोन ठेवला.

सहामाही जवळ येत होती. घरात माझ्याकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघत. "दुसऱ्या काढते मी प्रश्नपत्रिका," असं म्हणून पाहिलं, तर सासरे म्हणाले, "आणि त्या आतल्यांचं काय? त्या कुणाच्या हाती लागल्या तर?" कुणाच्याच हाती लागत नव्हत्या हीच तर अडचण होती, पण तेवढा तर्क झोपाळ्यापर्यंत पोचला नाही.

गणपतीला पुण्याची मंडळी आली. आरती झाली तसे भावोजी कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी सासऱ्यांना समजावून सांगितलं, की आता आपण ब्रूट फोर्स लावू, जमेल ते प्रत्येक वाक्य टाकून बघू.

"म्हणजे बळजबरी?" सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सूनबाईची संमती घेतली का?"

मी स्वयंपाकघरात मोदकांच्या पाऱ्या करत होते. वन्सं सारण भरत होत्या.

"कसलं वाक्य आहे गं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही सांगता येणार, वन्सं."

"माझ्यावर आहे?"

"नाही."

"आईवर?"

"नाही हो."

"मग यांच्यावर." त्यांनी मोदक खाली ठेवला. "सांग."

मी सांगितलं. वन्संनी पदर तोंडात कोंबला आणि खाली ताटावर वाकल्या. डोळे पुसत वर आल्या तेव्हा त्यांचं पुण्याचं बोलणं गळून पडलं होतं. "अगो, गेली कितीतरी वर्षं मी देवासमोर बसून हेच म्हणत्ये," त्या म्हणाल्या.

हात धुऊन त्या बाहेर गेल्या. "अहो, हळदीची पानं कमी पडतायत. बाजारातून घेऊन या."

"आत्ता? मी मध्यावर आलोय."

"हो. तुम्ही आता निघा," वन्सं म्हणाल्या, एकेक शब्द सुटा करून.

ते गेल्यावर वन्सं खुर्चीत बसल्या आणि मी शेजारी स्टूल ओढलं. त्या मैत्रिणींना फोनवर मेसेज पाठवत तशा भराभर टाइप करत होत्या. w चा जावई नाही. v चा, एक a चा बापू, तरीही नाही. त्या थांबल्या. "तेव्हा मनात कसं म्हणालीस ते म्हण बघू." मी हळूच म्हटलं. "बघ, शेवटचा शब्द ओढत्येस. वैतागलेली होतीस ना." त्यांनी nighaa केलं, शेवटी दोन a. कप्पा उघडला.

"उघडलं का गं?" झोपाळ्यावरून आवाज आला.

"उघडलं, बाबा. प्रश्नपत्रिका सुखरूप आहेत," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी ambe वर क्लिक केलं. मला फॉन्ट बदलून द्यावा लागला. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं.

त्या वाचत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. बाठ्याजवळ पोचल्यावर त्यांना ठसका लागला. मग त्यांनी आपल्या आईवरचं वाचलं, तेव्हा खांदे हलायचे थांबले, पण एकदा "खरंय" म्हणाल्या. मग tup उघडली. ती त्यांच्यावर होती. मी उठून जाऊ लागले.

"बस."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "मी आले की घरातलं तूप संपतं, हे खोटं आहे. मी मागत नाही. आई बांधून देते."

"बरं."

त्यांनी बाकीच्या फाइलीही भराभर उघडून पाहिल्या. "आणि तुझ्यावर कुठाय?"

"माझ्यावर?"

"सगळ्यांवर आहे. गणपतीत येणाऱ्या भटजींवरही आहे. तुझ्यावर नाही."

मी म्हटलं, मी स्वतःवर काय लिहिणार. वन्सं म्हणाल्या, "तू नको लिहू. मी लिहित्ये." आणि त्यांनी त्या प्रोग्रॅममध्ये नवा कप्पा काढायला घेतला. मला वाटलं होतं त्यांना यातलं काही येत नसेल. "लग्न झाल्यापासून जेवताना हेच ऐकत्येय मी," त्या म्हणाल्या. माऊस त्यांनी जात्याच्या खुंट्यासारखा गरागरा फिरवला. आकार दहा एमबी. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाठ कर."

मी कॅलेंडरकडे तोंड करून उभी राहिले. कळफलक बराच वेळ वाजत होता. मोदक राहिले होते, सासूबाई आतून हाका मारत होत्या, आणि तो वाजायचा थांबत नव्हता.

हळदीची पानं घेऊन भावोजी परतले तेव्हा सासऱ्यांनी त्यांना बातमी दिली, की लेकीने उघडलं.

"कसं उघडलंस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अंदाजाने."

"अंदाजाने उघडतं त्याला एन्क्रिप्शन म्हणत नाहीत," भावोजी दुखावले गेले. "अल्गोरिदमच बदलायला पाहिजे." आणि जेवायला बसल्यावर, मोदक फोडून, त्यांनी सारण आणि पारी यांवरून ते आम्हाला पहिल्यापासून समजावून सांगितलं. वन्सं माझ्या ताटात तूप वाढत होत्या. जरा जास्तच वाढलं.

माझ्या फाइली मी पुढे शाळेतल्या माझ्या कपाटात, एका सीडीवर ठेवल्या. तिथे लोखंडी दार आणि एकच किल्ली होती. वन्संचा कप्पा मात्र हॉलमधल्या कॉम्प्युटरवर तसाच राहिला. दहा एमबी. आत चार ओळी आहेत की शंभर पानं, बाहेरून कळायला मार्ग नाही. भावोजी म्हणाले तसंच. मी अधूनमधून एखादं वाक्य टाकून बघायची. वन्संच्या मनात येईल पण तोंडातून निघणार नाही असं माझ्याबद्दलचं वाक्य. सुरुवातीला मवाळ टाकत असे, मग जरा कडक, मग असं, की टाइप करतानाच मी मागे वळून बघे. एकही लागलं नाही.

दोन-तीन वर्षांनी केळशीला एका लग्नात आम्ही दोघी पंगतीत शेजारी आलो. मी विचारलंच, "वन्सं, काय लिहिलं होतंत हो तेव्हा?"

त्या मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून सावकाश प्यायल्या.

"आता आठवत नाही. वाक्यही विसरले," त्या म्हणाल्या. "पण तुझ्याइतकं वाईट नाही लिहिलेलं मी."

वाईट म्हणजे लेखणी वाईट की मन, ते विचारेपर्यंत जिलबी वाढणारा आला आणि वन्सं त्याला "हिला वाढा, मला नको" म्हणाल्या. पुढे कॉम्प्युटर बदलला. जुन्यावरचं काय काय घ्यायचं असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी मी ती दहा एमबीची फाइल घेतली.